जळालेली जुनी जीप: घ्यायची की सोडायची?

समजा गेवराईकडं एका शेतात ५० वर्षांपूर्वीची महिंद्रा जीप जळून पडलीय. मालक म्हणतो, साठ हजार द्या अन् घेऊन जा.

आधी कागद. आरसी आहे का, चेसी नंबर वाचता येतो का, एमएच-२३ ला नोंद रद्द तर नाही ना? लोक हे शेवटी बघतात. इथंच गडबड असेल तर भंगाराच्या भावातच बोला.

सीट, वायरिंग, रंग गेला? ते नव्यानं होतं. बॉनेट उघडा. अॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. त्याचे भाग ओघळले असतील तर जवळचे पाटे, स्प्रिंगा मऊ पडल्या असतील असं धरूनच चला. चेसीचे दोन्ही कर्ण टेपनं मोजा. फरक आला तर वाकलीय.

वरातीला भाड्यानं देऊ म्हणता? २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवलेली गाडी धंद्यासाठी चालवता येत नाही. म्हणजे कमाई फक्त विक्रीतून.

आता उलटं गणित करा. तशीच चालू जीप चार लाखाला जाते अन् दुरुस्तीला साडेतीन लागतात, असं धरलं तर मालकाला द्यायला उरले पन्नास हजार. तो मागतोय साठ. आणि तुमची मजुरी अजून धरलेलीच नाही.