गॅस भरण्याआधी सेन्सर तपासा

उन्हाळा लागला की गॅरेजात रोज एकच तक्रार येते, "एसी थंड करत नाही, गॅस भरून द्या." रोगाचे नाव गिऱ्हाईकच सांगते, औषधही तेच सांगते, आणि आपण मान डोलावून सिलिंडर जोडतो. मोटारीच्या एसीची कामे करणारे आपले पुष्कळ बांधव आहेत. त्यांच्यासाठी या खेपेस आम्ही हा विषय घेतला आहे.

गॅस हा पेट्रोलसारखा जळून संपणारा पदार्थ नव्हे. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे आणि ती शोधलीच पाहिजे. कमी झालाच नसेल, तर वरून भरलेला गॅस कंप्रेसरवर बोजा होऊन बसतो.

आमच्याकडे आलेल्या एका गाडीचा अनुभव सांगतो. महिनाभरात दोनदा गॅस भरून झाला होता. एसी सुरू होई, थोडा गारवा येई आणि लगेच कंप्रेसरचा क्लच सुटे. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी इंजिन सुरू करण्याआधी गेज लावले. हवा ३० अंशांच्या आसपास होती आणि दोन्ही काटे १०० पौंडांजवळ स्थिर होते. आर-१३४ए गॅसचा या उष्णतामानाला एवढाच दाब असतो. म्हणजे आत गॅस आहे एवढे नक्की झाले. किती आहे हे मात्र या आकड्यावरून कळत नाही, कारण आत थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असला तरी काटा तेथेच उभा राहतो. खरे सांगायचे तर पहिला अर्धा तास आम्हीही कंप्रेसरवरच संशय धरून बसलो होतो.

मग कूलिंग कॉइलच्या सेन्सरकडे वळलो. हा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. गारवा वाढला की याचा रोध वाढतो, उष्णता वाढली की घटतो. कॉइल साधारण ३ अंशांपर्यंत उतरली की कंट्रोल युनिट क्लच सोडते, नाहीतर कॉइलवर बर्फ धरेल. सेन्सरच्या पिनांवर मीटर लावला तर २,२०० ओहम आले. तीच मोजणी कंट्रोल युनिटच्या टोकाला, कपलर जोडलेला ठेवून केली, तेव्हा आकडा ४,००० वर गेला! मधले १,८०० ओहम आले कोठून? पाणी बाहेर जाण्याची नळी तुंबली होती, पाणी पायाखालच्या गालिच्यात मुरत होते आणि कपलरच्या पिनांवर हिरवा गंज चढला होता. या जादा रोधामुळे कॉइल १० अंशांच्या आसपास असतानाच कंट्रोल युनिटला ती गोठायला आली असे वाटे. गॅसचा यात काही दोष नव्हता. नळी साफ केली, नव्या पिना बसवल्या. जादा भरलेला गॅस मशीनने काढून घेतला आणि व्हॅक्यूम करून कंपनीने दिलेल्या वजनाइतकाच परत भरला.

सेन्सरची परीक्षा सोपी आहे. बर्फ घातलेल्या पाण्यात त्याचे टोक पाच मिनिटे बुडवा. २५ अंशांना जो आकडा येतो, त्याच्या अडीच ते साडेतीन पट आकडा आला आणि तो उड्या न मारता सावकाश चढला, तर बहुतेक सेन्सर चांगला समजावा. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा असतो, तो मॅन्युअलमध्ये पाहावा. जुना सेन्सर बाजारातून घेताना दुकानदाराकडे ग्लासभर बर्फाचे पाणी मागायला लाजू नये. तार तुटली असेल तर कंट्रोल युनिटला कॉइल अतिशय थंड भासते आणि क्लच लागतच नाही. शॉर्ट असेल तर उलट होते. क्लच सुटत नाही, अर्ध्या तासात कॉइलवर बर्फ चढतो आणि हवा यायची बंद होते. कॉइल धुतल्यावर सेन्सरचे टोक पात्यांत परत नीट खोवले नाही तरी हेच होते. ही चूक कारागिराचीच.

आता दाबाच्या सेन्सरविषयी. जुन्या गाड्यांत दोन तारांचा स्विच असतो. तो डायरेक्ट करून पाहण्याची आपल्याकडे फार सवय आहे. आत गॅस आहे याची खात्री करून क्षणभर तपासायला हरकत नाही, पण गाडी तशीच गिऱ्हाइकाच्या हाती देऊ नये. गॅस गळून गेला तर तेल फिरत नाही आणि कंप्रेसर जाम होतो. नव्या गाड्यांत बहुधा तीन तारांचा सेन्सर असतो. एक ५ व्होल्टची, एक अर्थची आणि तिसरी सिग्नलची. तेथे तार जोडून डायरेक्ट करण्याचा विचारही करू नये, कंट्रोल युनिट जळू शकते. ५ व्होल्ट आणि अर्थ येतात का ते आधी पाहावे. मग स्कॅनरवरचा दाब गेजच्या काट्याशी ताडून पाहावा. दोन्हींत मोठा फरक दिसला तर सेन्सर किंवा त्याची वायरिंग संशयास्पद. सेन्सर खोलण्यापूर्वी त्याच्याखाली व्हॉल्व्ह आहे का याची खात्री करा. सगळ्याच गाड्यांत तो नसतो, आणि गॅसचा फवारा डोळ्यांत गेला तर डोळा जायबंदी होतो.

आपोआप चालणाऱ्या एसीच्या गाड्यांत समोरच्या जाळीमागे बाहेरच्या हवेचा सेन्सर असतो. बंपरला धक्का बसला की तो तुटतो. काही टोयोटा गाड्यांत स्वतपासणी केली की २१ क्रमांकाचा दोष दिसतो. तो डॅशबोर्डवरच्या उन्हाच्या सेन्सरचा. गाडी छपराखाली उभी असेल तर चांगल्या सेन्सरवरही तो येतो, म्हणून गाडी उन्हात काढून पुन्हा पाहावे. आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रीने असा सेन्सर बदलला होता. नव्यावरही २१ आला.

राहिला पैशाचा प्रश्न. गॅस भरला की गिऱ्हाईक मुकाट्याने पैसे देते, आणि पिन साफ केली तर विचारते, "एवढ्याचे एवढे?" यासाठी आम्ही तपासणीची मजुरी आधीच सांगतो. गेजचे आणि ओहमचे आकडे, आधीचे व नंतरचे, बिलावर लिहून देतो आणि गंजलेली पिन पुडीत बांधून हातावर ठेवतो. काही जण तरीही कुरकुर करतात. त्या गाडीच्या मालकाने मात्र पुढच्या उन्हाळ्यात आपल्या भावाची गाडी पाठवली, निरोप होता, "आधी तपासा, मग सांगा."