अ‍ॅक्सोलॉटल खात नाही? आधी थर्मामीटर बघा!

व्हिडिओतला मुद्दा थोडक्यात लिहून देतो. अ‍ॅक्सोलॉटल मूळचा मेक्सिकोतल्या थंड पाण्यातला. त्याला १६ ते १८ अंशांचं पाणी मानवतं. आपल्या यवतमाळात मे महिन्यात पारा ४२च्या वर जातो! पाणी २४ अंशांपुढे गेलं की त्याची भूक मरते, पचन बिघडतं. दुसरं कारण तळातली बारीक खडी. तो घास पाण्यासकट तोंडात ओढतो, सोबत खडाही जातो आणि आतडं तुंबतं.

म्हणून गिऱ्हाईक "खात नाही" म्हणालं की लगेच औषधाची बाटली काढू नका. पाण्याचं तापमान विचारा, खडी काढायला लावा. पोट फुगलं असेल तर पशुवैद्यकाकडे पाठवा. आणि ज्याला चिलर परवडत नाही, त्याला हा प्राणी विकूच नका. एक विक्री जाईल, पण गिऱ्हाईक टिकेल.