जुन्या ट्रॅक्टरमधील अधूनमधून येणारा आवाज व त्याची तपासणी

ट्रॅक्टर जुना झाला म्हणजे तो नाना प्रकारचे आवाज करू लागतो, हे आमच्या शेतकरी बंधूंस सांगावयास नको. जो आवाज सतत येतो त्याचे मूळ कोणीही बरा मिस्त्री घटकाभरात शोधून काढतो. खरी अडचण अधूनमधून येणाऱ्या आवाजाची असते. तो शेतात व रस्त्यावर ऐकू येतो, आणि ट्रॅक्टर मिस्त्रीच्या दारात उभा केला की नाहीसा होतो. मग मिस्त्री तर्काने काही सांगतो, मालक भीतीपोटी मान डोलावतो, आणि पुष्कळदा जे इंजिन निर्दोष आहे तेच खोलले जाते. आमच्यावर असा प्रसंग उसाच्या एका हंगामात आला. त्या वेळी जी रीत आम्ही वापरली, ती येथे देत आहोत.

आम्ही यंत्रशास्त्र शिकलेलो नाही. मराठी शाळेतील शिक्षण व त्यानंतर महसूल खात्यातील कारकुनी, एवढीच आमची पुंजी. परंतु त्या कारकुनीत एक सवय अंगी जडते. ती ही की, जागेवर जाऊन पाहिल्याखेरीज व त्याची नोंद केल्याखेरीज कोणाचेही म्हणणे खरे धरावयाचे नाही.

आमचा ट्रॅक्टर ३५ अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरांचा, वीस वर्षांहून अधिक चाललेला. उसाची ट्रॉली ओढताना त्यातून 'खट्ट' असा जड आवाज येऊ लागला. कधी तो एकसारखा पाच-दहा मिनिटे येई, कधी दोन-दोन दिवस मुळीच येत नसे. मिस्त्रीने ट्रॅक्टर अंगणात चालू करून पाहिला. आवाज आला नाही. तथापि ओझ्याखाली येणारा जड ठोका म्हणजे कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेले, असे त्याचे मत पडले व इंजिन खोलण्याचा अंदाज त्याने ४५ हजार रुपये सांगितला. त्याचे म्हणणे अगदीच निराधार होते असे नव्हे. ते बेअरिंग झिजले असता ओझे पडताच असाच ठोका येतो. परंतु तसे असते तर आमच्या ऑईलच्या दाबाचा काटा खाली आला असता, आणि तो तर जागच्या जागी होता. म्हणून आम्ही आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. जड ठोका व त्याचबरोबर ऑईलचा दाब उतरलेला, अशी स्थिती असेल तर कसलीही परीक्षा करीत बसू नये. इंजिन तत्काळ बंद करावे.

पहिला प्रश्न असा की, आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चालतो की चाकांच्या? याचा निकाल सोपा आहे. ट्रॅक्टर उभा ठेवून, गिअर काढून, इंजिनाचा वेग कमीजास्त करावा. उभ्या ट्रॅक्टरमध्ये आवाज आला व वेगाबरोबर तो वाढला, तर दोष इंजिनात किंवा त्याला जोडलेल्या पंख्यात, पाण्याच्या पंपात अथवा डायनामोत शोधावा. त्यातही बारीक टिकटिक असेल तर ती बहुधा टॅपेटची. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांतून एकदाच उघडतो, म्हणून ही टिकटिक इंजिनाच्या निम्म्या गतीने चालते, व कान सरावला म्हणजे ती सहज ओळखू येते. क्लचचे पायडल दाबताच घरघर सुरू होत असेल आणि सोडताच थांबत असेल, तर रिलीज बेअरिंगकडे पाहावे. अवजार उचलतानाच पंप ओरडत असेल तर प्रथम हायड्रॉलिकचे ऑईल व त्याची जाळी तपासावी. ऑईल कमी असता ट्रॅक्टर उतारावर कलला म्हणजेच आवाज येतो व सपाटीवर थांबतो, असाही प्रकार होतो. केवळ वळणावर कडकड येत असेल तर डिफरन्शियलचा संशय घ्यावा, कारण त्यातील लहान दाते सरळ रस्त्यावर आपल्या आसाभोवती फिरत नाहीत, वळतानाच फिरतात. चालू इंजिनाजवळ कान नेताना उपरणे, धोतराचा सोगा किंवा सैल बाही पंख्यापासून दूर ठेवावी.

आमचा ट्रॅक्टर उभा असता सर्व वेगांत गप्प राहिला. एका उताराच्या मोकळ्या रस्त्यावर, रिकाम्या ट्रॉलीसह, आम्ही पुतण्याकडून गिअर तोच ठेवून वेग बदलवून पाहिला, आवाज नाही. ओझे घातले, तेव्हा मात्र तो आला. आता चाके तीन प्रकारची होती: पुढची, मागची व ट्रॉलीची. त्यांपैकी कोणते, हे कानाने ठरेना.

तेव्हा आम्हांस आमचे जुने काम आठवले. गुंठ्याची मोजणी ज्या ३३ फुटांच्या साखळीने होत असे, तिच्या हिशेबात हयात गेलेली. मोजणे हे आमच्या हाडात भिनलेले. आम्ही टायरवर खडूची खूण करून, एका फेरीत प्रत्येक चाक किती अंतर कापते ते जमिनीवर मोजून घेतले. मागचे मोठे चाक सुमारे ४ मीटर, पुढचे २.३ मीटर, ट्रॉलीचे पावणेतीन मीटर. मग कालव्याकडील सरळ रस्त्यावर १०० मीटरांचे अंतर आखले. या अंतरात मागचे चाक २५ फेऱ्या करणार, ट्रॉलीचे ३६, पुढचे ४३. या रीतीचा मोठा गुण असा की वेग कितीही असो, हिशेब बदलत नाही. घड्याळाचीही गरज लागत नाही. पुतण्याने भरलेली ट्रॉली हळू गिअरमध्ये नेली, आम्ही रस्त्याच्या कडेने सुरक्षित अंतर ठेवून चाललो व मोजीत गेलो. पहिल्या वेळी आकडा २४ आला, दुसऱ्या व तिसऱ्या वेळी २५. इंजिनाचा ठोका असता तर तो शेकड्यांनी मोजावा लागला असता!

आता उजवे चाक की डावे? रस्ता डावीकडे वळला की आवाज मोठा होई. डाव्या वळणावर भार उजव्या, म्हणजे बाहेरच्या चाकावर जातो. उजव्या टायरवरची खडूची खूण जमिनीस लागली की 'खट्ट', असेही पुतण्याने व आम्ही दोघांनी पाहिले.

ट्रॉली सोडून, ट्रॅक्टर सपाटीवर घेऊन, चाकांना दगडांची उटी लावून आम्ही ते चाक पुसून काढले. डिस्क हबला ज्या आठ नटांनी आवळलेली असते, त्यांपैकी तीन सैल निघाले व एक नट जागेवर नव्हताच. सैल नटांभोवती तांबूस गंजाची भुकटी साचली होती. नट सैल होऊन धातू धातूवर घासू लागला म्हणजे अशी भुकटी पडते, हे मिस्त्रीने आम्हांस नंतर सांगितले. डिस्कची भोके घासून लांबट झाली होती. हलक्या कामात उरलेले नट डिस्क धरून ठेवीत. भार आला की ती सरके व ठोका देई. अधूनमधून येण्याचे रहस्य ते हेच.

हे चाक घेऊन पुतण्या रोज कठडे नसलेल्या कालव्याच्या पुलावरून दोन खेपा करीत होता. त्या रात्री घरात कोणीही फारसे बोलले नाही.

भोके लांबट झालेली डिस्क केवळ आवळून भागत नाही. ती बदलावी लागली. चाक काढताना जॅकवर विसंबू नये, एक्सलखाली लाकडी ठोकळे द्यावे. नवे नट बसविताना समोरासमोरचे आळीपाळीने आवळावे, पुस्तकात दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने ताणावे, व काही तास काम झाल्यावर पुन्हा एकदा तपासावे. आमचे दोन नट या दुसऱ्या तपासणीत किंचित फिरले. मिस्त्रीनेच हे सर्व काम केले, आणि इंजिन न खोलल्याबद्दल त्याने मुळीच वाईट मानले नाही.

डाव्या चाकाचे नटही त्याच दिवशी पाहिले. ते घट्ट होते. दुसऱ्या सिलिंडरच्या टॅपेटची टिकटिक अद्याप आहे. तिची नोंद वहीत आहे. गळीत संपले की पाहू.