दवाखान्याचे देणे आणि नादारीचा अर्ज

रुग्णालयाचे देणे सुरुवातीला दुबळे असते, हे आजारपणाच्या धांदलीत कुटुंबाच्या ध्यानात येत नाही. त्यामागे घर किंवा जमीन गहाण पडलेली नसते, आकड्याबद्दल वाद घालता येतो, आणि वसुली करायची तर रुग्णालयाला दिवाणी दावा लावून हुकूमनामा, म्हणजे रक्कम चुकती करण्याविषयीचा न्यायालयाचा निर्णय, मिळवावा लागतो. कर्जाने मोडून पडलेल्या कुटुंबांचा अनुभव असा की बिलाच्या आकड्याहून मोठी हानी पुढच्या काही दिवसांत होते, कारण त्या दिवसांत हे दुबळे देणे घाईघाईने सोने तारण, सावकाराचे कागद आणि कोरे धनादेश यांत रूपांतरित केले जाते आणि मग त्यातून सुटकेचे मार्ग एकेक करून बंद होत जातात.

म्हणून पहिली लढाई बिलाशीच असावी. बाबवार बिल मागून ते तपासणे हा रुग्णाचा हक्क आहे, आणि पैसे थकले म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही, असे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत नमूद आहे. महाराष्ट्रात धर्मादाय न्यास चालवत असलेल्या मोठ्या रुग्णालयांना, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार, १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात, शिवाय बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी काढावी लागते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्र, म्हणजे योजनेबाबत रुग्णांना मदत करणारे कर्मचारी, नेमलेले असतात; त्यांच्याकडे चौकशी करावी. मात्र योजनेची मंजुरी उपचार सुरू असतानाच मिळवावी लागत असल्याने ही चौकशी दाखल होतानाच व्हायला हवी, डिस्चार्जच्या दिवशी ती बहुधा व्यर्थ ठरते.

देण्याचे रूप बदलते ते त्यानंतर, आणि सर्वाधिक सावधपणा इथेच हवा. कोऱ्या धनादेशावर सही करून देणे हा त्यातला सर्वांत धोक्याचा प्रकार होय, कारण आकडा दुसऱ्याने भरला तरी सही मान्य असल्यास धनादेश देण्यापोटीच दिला होता असे न्यायालय गृहीत धरते आणि त्याचे खंडन करण्याचा भार सही करणाऱ्यावर येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे. असा धनादेश न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो, म्हणजे जे देणे निव्वळ दिवाणी होते ते फौजदारी होऊन बसते. सावकाराच्या बाबतीत घातक ठरते ते गहाणखताऐवजी लिहून घेतलेले खरेदीखत: तोंडी बोली ‘पैसे फिटले की जमीन परत’ अशी असते, पण सातबारावर नाव सावकाराचे लागते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवानाधारक सावकारालाही शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला ९ आणि विनातारण कर्जावर १२ टक्के, तर इतरांकडून अनुक्रमे १५ आणि १८ टक्के इतकेच व्याज घेता येते, असे शासनाने ठरवून दिले आहे, आणि अवैध सावकारीत गेलेल्या जमिनीबद्दल सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे दाद मागता येते. हा मार्ग खुला असूनही लाजेपोटी आणि दहशतीपोटी अनेक जण तिथवर पोहोचत नाहीत, याचे दुःख वाटल्याशिवाय राहत नाही.

एवढे करूनही देणे आवाक्याबाहेरच राहिले तर नादारीचा, म्हणजे लोकभाषेत दिवाळखोरीचा, विचार करावा लागतो. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता लागू झाला असल्याने, सामान्य माणसासाठी मुंबईत १९०९ चा आणि उर्वरित महाराष्ट्रात १९२० चा प्रांतीय नादारी अधिनियम हाच आधार आहे. देणी ५०० रुपयांची असली तरी अर्ज करता येतो, ही मर्यादा आज नाममात्रच उरली आहे. अर्जदार नादार ठरला की त्याची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते, पण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने जप्तीतून वगळलेल्या वस्तू, जसे नेसूचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, कारागिराची अवजारे, शेतकऱ्याची औते व राहते घर, त्याच्याकडेच राहतात. तारण घेतलेल्या धनकोचा हक्क मात्र अबाधित राहतो, त्यामुळे बिल फेडण्यासाठी घर गहाण टाकून बसलेल्याला या कायद्याचा उपयोग फार थोडा होतो. अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत मोबदल्याविना पत्नीच्या किंवा भावाच्या नावे केलेली मालमत्ता रद्दबातल होऊ शकते आणि तीन महिन्यांत एखाद्याच धनकोला झुकते माप देऊन केलेली फेडही उलटवली जाऊ शकते.

विमुक्ती, म्हणजे उरलेल्या देण्यांतून कायदेशीर सुटका, आपोआप मिळत नाही. नादाराची मालमत्ता विनातारण देण्यांच्या रुपयामागे आठ आणेही भरत नसेल तर न्यायालय संपूर्ण विमुक्ती नाकारते, परंतु ज्या परिस्थितीला तो न्यायतः जबाबदार नाही अशा परिस्थितीतून ही तूट आली असेल तर अपवाद आहे. आजारपण हे अशा परिस्थितीचे स्वच्छ उदाहरण असल्याने रुग्णालयाची कागदपत्रे, पावत्या आणि उसनवारीच्या नोंदी जपून ठेवाव्यात. निव्वळ असमर्थतेपायी ऋणकोला तुरुंगात टाकता येत नाही, त्यासाठी त्याची अप्रामाणिक वृत्ती दिसली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सांगितले आहे, त्यामुळे तुरुंगाच्या भीतीने अर्ज टाळण्याचे कारण नाही.

रुग्ण दगावला असेल तर त्याच्या देण्याची जबाबदारी वारसांवर, त्यांना मिळालेल्या वारशापुरतीच येते, आणि बापाचे कर्ज मुलाने फेडावे हे जुन्या हिंदू कायद्यातील पवित्र कर्तव्य २००५ च्या दुरुस्तीनंतरच्या कर्जांना लागू नाही. मात्र मुलाने रुग्णालयाच्या कागदावर स्वतः हमी दिली असेल, किंवा मेहुण्याने पतसंस्थेत जामीनदार म्हणून सही केली असेल, तर नादाराच्या विमुक्तीने त्या सह्या सुटत नाहीत, तेव्हा अर्ज दाखल होण्यापूर्वी त्या माणसांना समोर बसवून हे सांगितले पाहिजे.