कोंपिराचा डोंगर

जपानच्या चार मुख्य बेटांपैकीं शिकोकु हें सर्वांत लहान. त्याच्या उत्तर भागांत झोझु नांवाचा डोंगर आहे. ‘झोझु’ म्हणजे हत्तीचें मस्तक. या डोंगरावर कोतोहिरा हें प्रसिद्ध शिंतो देवालय असून लोक त्यास ‘कोंपिरासान’ म्हणतात. विद्यार्थ्यांनीं हें नांव लक्षपूर्वक ऐकावें. संस्कृतांत ‘कुंभीर’ म्हणजे मगर. गंगेंतील हा कुंभीर देव बौद्ध धर्माबरोबर जपानांत पोहोंचला, आणि तेथें कोंपिरा या नांवानें खलाशांचा रक्षणकर्ता झाला.

मुख्य देवालयापर्यंत ७८५ दगडी पायऱ्या आहेत. त्यांपैकीं ६२८ चढल्यावर ‘आसाहि’, म्हणजे प्रभातसूर्याचें, मंदिर लागतें. केयाकी वृक्षाच्या टणक लांकडाचें हें दुहेरी छपराचें मंदिर १८३७ सालीं पुरें झालें. त्यावर पशु, पक्षी, पानेंफुलें इतकीं दाट कोरलेलीं आहेत कीं, एक भोळा यात्रेकरू यासच मुख्य देऊळ समजून येथूनच परत फिरला, अशी गोष्ट सांगतात.

वरचें मुख्य देवालय १८७८ सालीं पुन्हां बांधलेलें आहे. त्याचें छप्पर हिनोकी वृक्षाच्या सालीचें. ही साल उभ्या, जिवंत झाडावरून काढतात. कसबी हात आंतील गाभ्यास इजा होऊं देत नाहीं, म्हणून झाड जगतें व सुमारें दहा वर्षांत पुन्हां साल धरतें. सालीचे थर बांबूच्या खिळ्यांनीं बसवितात. असें छप्पर तीस-चाळीस वर्षें टिकतें. मग तें नवें करावें लागतें, आणि त्या निमित्तानें ही विद्या पुढील पिढीच्या हातीं जाते.

एकाच डोंगरावर दोन मंदिरें इतकीं निराळीं कां? याचें उत्तर इतिहासांत आहे. पूर्वी येथें बुद्ध आणि शिंतो देव यांची पूजा एकत्र चाले. १८६८ सालीं नव्या मेइजी सरकारनें दोन्ही धर्म वेगळे करण्याचा हुकूम काढला. हें स्थान शिंतो ठरलें व देवाचें नांव ओमोनोनुशि झालें. आसाहि मंदिर मुळांत रोग हरण करणाऱ्या बुद्धाचें. त्याच्या लांकडावर तो जुना काळ अजून वाचतां येतो. कोंपिरा हें नांव दप्तरांतून गेलें. लोकांच्या जिभेवरून मात्र गेलें नाहीं.

मुख्य देवालयाजवळच्या मंडपांत खलाशांनीं वाहिलेलीं गलबतांचीं चित्रें व आगबोटींचीं छायाचित्रें टांगलेलीं आहेत. ज्यास स्वतः येणें शक्य नसे, असा खलाशी आपली दक्षिणा लांकडी पिंपांत घालून तें समुद्रांत सोडून देई. ज्या कोळ्यास तें सांपडे, तो तें न फोडतां किनाऱ्यास आणी आणि येथें पोहोंचवी. पाठविणारा कोण, हें त्यास ठाऊक नसे.

आमची उपासना निराळी आहे. तरीही त्या अनोळखी कोळ्याचा प्रामाणिकपणा आमच्याही देवास मान्य होईल, यांत मला तिळमात्र शंका नाहीं. मुलांनो, दुसऱ्याच्या देवळाच्या पायऱ्या चढतांना डोळे उघडे आणि मस्तक नम्र असावें. दगडा-लांकडापलीकडे माणसें दिसूं लागतात, तीं तेव्हांच.