आधी रिकामं, मग चिंधी

बाळा, परवाना तुझ्या नावावर झाला आणि कानपूरच्या कारखान्यातलं .32 रिव्हॉल्व्हर घरात आलं. उद्यापासून ते कमरेला लावून तू ड्युटीला जाशील. फौजेत उस्तादांनी मला जे शिकवलं, ते आज मुकुंदवाडीच्या या घरात तुझ्या हवाली करतो.

आधी रिकामं कर. मधून मोडलं की सहाही काडतुसं वर येतात. ती काढ, मोज आणि दुसऱ्या खोलीत कुलपात ठेव. मग काडतुसांची सहा घरं डोळ्यांनी बघ, बोटाने चाचप. पुढे कधी पिस्तूल हाती आलं, तर आधी मॅगझिन काढायचं, मगच स्लाइड ओढायची. क्रम उलटा झाला तर मॅगझिनमधली नवी गोळी चेंबरमध्ये जाऊन बसते आणि आपण समजतो रिकामं आहे. घात तिथेच होतो. रिकामं असलं तरी नळी माणसाकडे नको. आपल्या गल्लीत घराला घर लागून आहे. भिंतीपलीकडे कुणाचं लेकरू झोपलेलं असतं.

स्वयंपाकघरात साफसफाई नको. खिडकी उघड, दिवा-अगरबत्ती विझव, विडीवाल्याला लांब बसव. सॉल्व्हंटची वाफ पेट घेते. पेट्रोल तर नकोच. नळीतल्या काजळीत शिसं असतं, म्हणून साबणाने हात धुतल्यावरच भाकरीला हात लाव.

घाण निघाल्याशिवाय तेल नाही. ब्रशवर सॉल्व्हंट टाकून नळी आणि सहा घरं घास, थोडं मुरू दे, मग चिंधी कोरडी आणि पांढरी निघेपर्यंत फिरव. रॉड तोंडाकडून घालावा लागतो, तेव्हा तो मधोमध धर. तोंडाची कड झिजली की नेम गेला. काडतुसं उचलणाऱ्या चांदणीखालून ब्रश फिरवायला विसरू नकोस. तिथे दारूचा कण अडकला की सिलिंडर अडतो.

तेल थेंबाने मोजायचं. बिजागरीला एक, सिलिंडरच्या दांड्याला एक, घोड्याच्या फटीत एक. नळीतून तेलाची चिंधी एकदा, बाहेरून नुसता तेलाचा हात. जास्त तेल जालना रोडची धूळ ओढून घेतं. काडतुसांची घरं कोरडी ठेव. तेल टोपीत झिरपलं तर बार फुसका जातो. खोबरेल लावू नकोस, ते थंडीत थिजतं आणि पुढे चिकट होतं.

पावसाळ्यात चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवून देऊ नकोस; चामडं ओल धरतं. खंडे नवमीला पूजा जरूर कर, पण रिकामं करून, आणि हळद-कुंकू त्याच संध्याकाळी पूस. मी एकदा दिवाळीपर्यंत तसंच ठेवलं. ओल्या गंधाखाली गंजाने खड्डे पाडले, ते आजही बोटाला लागतात.

शेवटचं. चिंध्या मोजून घे, मोजून परत ठेव. एक कमी भरली तर ती नळीत आहे असंच धर; अडकलेल्या चिंधीवर बार काढला तर नळी फाटते. रिकामी नळी उजेडाकडे धर, मागून बघ. आरपार उजेड दिसल्याशिवाय काडतुसांचं कुलूप उघडू नकोस.