पाय कसा आहे, कंबर कशी आहे

पुण्यातल्या एका रुग्णालयात मणक्याच्या विभागात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून लागले आणि पुढे तिथल्या संशोधनाच्या नोंदींचं काम माझ्याकडे आलं. कमरेतली चकती सरकून नस दबलेले रुग्ण, मग त्यांचं ऑपरेशन झालेलं असो वा नसो, ठरावीक महिन्यांनी गाठायचे आणि आता कसं आहे ते विचारून लिहून ठेवायचं, असं हे काम. वरवर कारकुनी वाटतं. पण ऑपरेशन कितपत लागू पडलं ते याच कागदांवरून कळतं. या कामात जे शिकायला मिळालं, त्यातलं थोडं इथे मांडते.

१. पाय आणि कंबर यांची चौकशी वेगवेगळी करावी.

नुसतं “दुखतंय का?” असं विचारलं की “हो” असं उत्तर येतं आणि ऑपरेशन फसलं अशी नोंद होते. जरा खोदून विचारलं की कळतं, कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत जाणारी ती जीवघेणी कळ गेलेली आहे. सकाळी उठताना कंबर तेवढी धरते. १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या डॉक्टरांनी या कळेचं, म्हणजे सायटिकाचं, मूळ फुटलेल्या चकतीत असल्याचं दाखवून दिलं. सर्जन तो फुटलेला तुकडा काढतात तो नसेवरचा दाब जावा म्हणून. त्याने पाय मोकळा होतो. झिजलेली चकती जागेवरच राहते, त्यामुळे कमरेची हमी कुठलाही प्रामाणिक सर्जन देत नाही. हे आधी नीट समजावून सांगितलेला रुग्ण वर्षभराने समाधानी असतो. न सांगितलेला, तेवढाच बरा होऊनही, नाराज असतो. ऑपरेशनआधीची ती दहा मिनिटं मला फार मोलाची वाटतात.

२. फिल्मवर दिसलं म्हणजे तेच दुखण्याचं कारण, असं नसतं.

“मॅडम, एल फोर-एल फाइव्हमध्ये गॅप आहे,” असं म्हणत लोक प्लॅस्टिकच्या पिशवीतून एमआरआय काढतात. १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय तपासले गेले. निम्म्याहून अधिक जणांच्या एखाद्या तरी चकतीला फुगवटा होता आणि २७ टक्के जणांची चकती चक्क बाहेर सरकलेली होती. या लोकांची कसलीही तक्रार नव्हती. शिवाय, सुटून बाहेर पडलेला मोठा तुकडा पुष्कळदा शरीर आपणच शोषून घेतं. साध्या फुगवट्यापेक्षा तो विरण्याची शक्यता जास्त असते. म्हणून रिपोर्टातले भारी शब्द वाचून हातपाय गाळू नयेत. कळ कुठून कुठवर जाते, पाऊल वर उचलता येतं का, पाय सरळ वर केला की काय होतं, हे डॉक्टरांनी तपासून फिल्मशी जुळवायचं असतं.

३. थांबणं हाही उपचारच आहे, पण त्याची किंमत रुग्ण मोजतो.

नेदरलँड्समधला २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मी नव्याने येणाऱ्या प्रत्येक सहकाऱ्याला वाचायला देते. ६ ते १२ आठवडे तीव्र सायटिका सोसलेले २८३ रुग्ण घेऊन चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले होते. एका गटाचं ऑपरेशन लवकर करायचं. दुसऱ्याने औषधांवर थांबायचं आणि सोसवेनासं झालं तर ऑपरेशन करून घ्यायचं. वर्षभराने दोन्ही गटांतले ९५ टक्के रुग्ण बरे झालेले होते. मात्र निम्मे रुग्ण बरे व्हायला पहिल्या गटाला ४ आठवडे लागले, तर दुसऱ्याला १२. आणि थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांनी वर्षाच्या आत ऑपरेशन करून घेतलंच. त्याआधी १९८३ साली नॉर्वेच्या हेन्रिक वेबर यांनी दहा वर्षांचा पाठपुरावा मांडला होता. त्यातही पहिल्या वर्षी ऑपरेशन झालेले पुढे होते, पण चार वर्षांनी फरक बराच कमी झाला आणि दहाव्या वर्षी तो जवळजवळ उरला नाही.

याचा अर्थ काही जण “मग ऑपरेशन कशाला?” असा काढतात. मला तो पटत नाही. मधले जे आठ आठवडे आहेत ते कोणाचे, हे पाहायला हवं. भरपगारी रजा असलेल्या बँकेतल्या अधिकाऱ्याला ते निभावता येतात. मार्केट यार्डातल्या हमालाला ते परवडत नाहीत. त्याच्या घरात तेवढे दिवस पैसाच येत नाही. आकडा दोघांना एकच, निर्णय वेगळा, आणि दोन्ही निर्णय बरोबर. शिवाय नुसतंच थांबत राहावं असंही नाही. कॅनडातल्या २०२० सालच्या अभ्यासात ४ ते १२ महिने सायटिका असलेले १२८ रुग्ण होते. सहा महिन्यांनी पायाचं दुखणं दहापैकी किती, याचं उत्तर ऑपरेशनच्या गटात सरासरी २.८ आलं आणि दुसऱ्या गटात ५.२.

४. रुग्ण चिठ्ठी पाळत नाही.

अमेरिकेतल्या ‘स्पोर्ट’ या मोठ्या अभ्यासात ५०१ रुग्णांची अशीच वाटणी केली होती. दोन वर्षांत ऑपरेशनच्या गटातल्या ६० टक्के जणांनीच ते करून घेतलं आणि थांबण्याच्या गटातल्या ४५ टक्के जणांनीही करून घेतलं! मूळ वाटणीप्रमाणे हिशेब केला तर फरक थोडका दिसतो. प्रत्यक्ष उपचाराप्रमाणे केला तर ऑपरेशन सरस ठरतं. दोन्ही बाजूंचे लोक आपल्या सोयीचा आकडा उचलतात. दुखणं वाढलेला माणूस ऑपरेशन मागणार आणि उतार पडलेला टाळणार, हे स्वाभाविक आहे. त्याला अडवण्याचा अधिकार कोणत्याही संशोधनाला नाही.

५. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, जांघेत आणि बसायच्या जागी बधिरपणा आला, तर त्याच रात्री रुग्णालय गाठावं. इथे तास मोजायचे असतात. पट्टा, मालीश, हाडवैद्य यांपैकी काहीही मध्ये आणू नये.

६. प्रश्न मराठीत हवेत आणि आपल्या जगण्यातले हवेत.

जगभर ‘ऑस्वेस्ट्री’ नावाची प्रश्नावली वापरतात. इंग्लंडमधल्या ऑस्वेस्ट्री गावावरून हे नाव पडलं. उचलणं, चालणं, बसणं, झोप, प्रवास असे दहा विभाग, प्रत्येकात सहा पर्याय. तिची मराठी आवृत्ती भारतीय रुग्णांवर पारखून २०१३ साली ‘स्पाइन’ या नियतकालिकात आली, ही आमच्यासाठी मोठी सोय झाली. तरी बसण्याचा प्रश्न खुर्चीभोवतीच फिरतो. मांडी घालणं, उकिडवं बसणं त्यात नाही.

मुळशीकडच्या एका काकूंना फोनवर विचारत होते.

“काकू, चालायला त्रास होतो का?”

“चालते की गं. बाजाराला जाऊन येते.”

“जड उचलता येतं?”

“हंडा उचलते, गवताचा भारा न्हाई. पर भात लावाया वाकले ना, की घटकाभरानं पाय सुन्न पडतोय.”

कागदावर काकूंचे गुण उत्तम भरत होते. पण ज्या कामावर त्यांचं घर चालतं, तेच त्यांना जमत नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक फॉर्मच्या समासात मी “कोणतं काम अजून जमत नाही?” हा प्रश्न विचारून उत्तर रुग्णाच्याच शब्दांत लिहिते. लैंगिक जीवनाचा विभाग बायका बहुधा कोरा सोडतात. दार लावून, सासू किंवा मुलगा बाहेर बसवून विचारलं तर बोलतात, आणि बरंच बोलतात. तो प्रश्न गाळू नये असं माझं ठाम मत आहे.

७. जास्त स्क्रू म्हणजे जास्त फायदा, हे खरं नाही.

कमरेच्या कण्याची पोकळी अरुंद झालेल्या २४७ ज्येष्ठांवरच्या स्वीडनमधल्या २०१६ सालच्या अभ्यासात, दाब मोकळा करण्याबरोबर मणके जोडूनही दोन वर्षांनंतरचा निकाल अधिक चांगला आला नाही. वेळ आणि खर्च मात्र वाढला. काही रुग्णांना मणके जोडावे लागतात, पण कशासाठी ते विचारून घ्यावं.

८. जे परत येत नाहीत, त्यांच्यावाचून निकाल अपुरा आहे.

फोन नंबर बदलतो, गाव सुटतं, बरा झालेला माणूस “आता कशाला?” म्हणतो आणि बरा न झालेला दुसऱ्या डॉक्टरांकडे जातो. उरलेल्यांवरून काढलेली टक्केवारी दिशाभूल करते. स्वीडनमध्ये ‘स्वीस्पाइन’ ही देशव्यापी नोंदवही आहे. ऑपरेशननंतर वर्षाने, दोन वर्षांनी आणि पुढेही रुग्णालाच घरी प्रश्न पाठवून कसं आहे ते विचारतात. आपल्याकडे हे काम एकेका रुग्णालयातल्या एकेका टेबलावर चालतं आणि सगळी भिस्त रुग्णाच्या उत्तरावर असते.

म्हणून एक विनंती. तुमचं किंवा घरात कुणाचं मणक्याचं ऑपरेशन झालं असेल आणि वर्षभराने रुग्णालयातून चौकशीचा फोन आला, तर तो कृपया घ्या. ठणठणीत असाल तरी घ्या, डॉक्टरांवर रागावला असाल तर आवर्जून घ्या. आणि पाय कसा आहे, कंबर कशी आहे, हे वेगवेगळं सांगा.